शेपटीखालचं बिऱ्हाड

अझेली फ्रूजेने आयुष्याची एकतीस वर्षं क्रॉफिश, म्हणजे गोड्या पाण्यातले नांग्यांचे झिंगे, सोलण्यात घालवली होती. चर्च पॉइंट गावाच्या अलीकडच्या शेडमध्ये, लांबलचक स्टीलच्या टेबलापाशी, डोक्याला जाळी बांधून, डिसेंबर ते जून, सकाळी पाचपासून. उकडलेल्या क्रॉफिशचं डोकं पिरगाळायचं, शेपटीची पहिली कडी काढायची, मांस चिमटीत धरून ओढायचं, पिवळी चरबी वेगळी ठेवायची. झोपेतसुद्धा हिची बोटं चालतात, असं तिचा नवरा हयात असताना सांगायचा. तेव्हा क्रॉफिशबद्दल हिला माहीत नाही असं काही उरलं असेल, असं कुणाला वाटलंच नसतं. पण एक गोष्ट होती, आणि ती तिला लहानपणापासून कुरतडत होती. ही पिल्लं येतात कशी?

प्रश्न काही येडा नव्हता. जूनमध्ये शेतातलं पाणी काढायचं, भात पेरायचा, सप्टेंबरअखेर कापायचा, ऑक्टोबरच्या मध्यावर पुन्हा पाणी सोडायचं आणि नाताळच्या सुमाराला सापळे भरायला लागायचे. मधल्या काळात कुणी क्रॉफिश आणून सोडत नाही, तरी पाणी आलं की हजारो पिल्लं हजर. वडिलांना विचारलं तर म्हणाले, पाण्याबरोबर येतात. नवऱ्याला विचारलं तर त्याने कॉफी मागितली. शेडच्या मुकादमाला विचारलं तर तो म्हणाला, हात चालव. आणि थोरला भाऊ नॉर्बेर, ज्याने पंचेचाळीस वर्षं क्रॉफिशची तळी चालवली, तो सांगायचा की मादी बिळात जाते, अंडी घालते, पिल्लं झाली की निम्मी स्वतःच खाते, आणि उरतील ती आपली. हे तो अशा थाटात सांगायचा की जणू स्वारी स्वतः बिळात उतरून, दिवा धरून बघून आली आहे.

शेडमध्ये कधीमधी एखादी गाभोळीवाली मादी टेबलावर यायची. उकडून लाल झालेली, शेपटीखाली अंड्यांचा घोस. गिऱ्हाइकाला किळस येते, खरवडून टाका, असा मुकादमाचा हुकूम होता. अझेली अंगठ्याने खरवडायची आणि बादलीत झटकायची. तेव्हा काही वाटायचं नाही, काम होतं. काम सुटल्यावर मात्र कधी भांडी घासताना ती अंडी आठवायची आणि तिला वाईट वाटायचं. आता ती एकाहत्तर वर्षांची होती. एकदा तरी ती फुटताना डोळ्यांनी बघायची, एवढी एकच इच्छा तिने धरून ठेवली होती. लोक रोमला जायची इच्छा धरतात, हिची ही.

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात नॉर्बेरचा मुलगा लेलँड दारात आला. तळी आता तोच बघायचा. बांध नीट करताना त्याच्या खोदायच्या यंत्राने एक बीळ उभं चिरलं होतं. कमरेइतक्या खोलीवर ओंजळभर पाण्यात एक मादी बसलेली, शेपूट घट्ट पोटाशी दुमडलेली. त्याने ती उलटी करून बघितली आणि तशीच चिखलासकट कॉफीच्या डब्यात घालून आणली.

“तांत अझेली,” तो आत्याला म्हणाला, “आयुष्यभर विचारत होतीस ना? घे. आता तिलाच विचार.”

अझेलीने डब्यात डोकावून बघितलं. शेपटीच्या कडेने मोहरीएवढे काळसर दाणे डोकावत होते. तिने लेलँडला बस म्हटलं नाही, कॉफी विचारली नाही, तो गेलेलाही तिला कळला नाही.

लेलँडच्या मुलींनी कधीकाळी सोनेरी मासे पाळले होते, त्यांची काचेची पेटी अझेलीच्या गॅरेजमध्ये पडून होती. ती तिने धुतली, साबण न लावता. विहिरीचं पाणी भरलं. खाली धुतलेली बारीक वाळू, एका बाजूला अर्धी फुटलेली कुंडी आडवी घातली, ओकची वाळकी पानं टाकली. हवेचा छोटा पंप आणि त्याला जोडलेली स्पंजची गाळणी एवढंच विकत आणलं. लफाएत शहरातल्या शोभेच्या माशांच्या दुकानातल्या पोराने फोनवर बरंच सांगितलं. पेटी उन्हात ठेवू नका. सारखं हात लावू नका, घाबरली तर अंडी झटकून टाकते. सगळं पाणी एकदम बदलू नका. खाणं थोडं घाला आणि उरलं तर काढून घ्या. शेवटी त्याने विचारलं, आजी, ही जात तुम्हाला मिळाली कुठे? घराच्या मागे, असं सांगून अझेलीने फोन ठेवला.

पेटी स्वयंपाकघरात, फ्रिजशेजारच्या फळीवर बसली. वर काच, काचेवर बिडाच्या पातेल्याचं जड झाकण, कारण क्रॉफिश नळीला धरून वर चढतो आणि सकाळी सोफ्याखाली सापडतो, एवढं तिला ठाऊक होतं. पाहुणीचं नाव तिने मादाम ठेवलं.

घरात दुसराही एक पाहुणा होता. नॉर्बेर ऑगस्टमध्ये गुडघ्याचं ऑपरेशन करून सहा आठवड्यांसाठी बहिणीकडे आला होता. बायको जाऊन चार वर्षं झालेली, मुलाच्या घरी जिने फार, म्हणून इकडे. वय चौऱ्याहत्तर, गुडघा नवा, जीभ जुनी. सकाळी काठी टेकत स्वयंपाकघरात येऊन त्याने ती पेटी बघितली आणि खुर्ची ओढली.

“मसाला कधी घालणार?”

“आधी कॉफी घे, मग बोल,” अझेली म्हणाली.

“हिच्या खानदानाला मी पोत्यापोत्याने उकडलंय. आणि तू हिला रताळ्याचा पाला भरवतेस?”

“खानदानाला उकडलंस ना, मग आता हिची माफी माग.”

हे रोजचं झालं. गावातल्या प्रत्येक लग्नाला, प्रत्येक गुड फ्रायडेला मोठ्या हंड्यापाशी नॉर्बेरच उभा असायचा. किती मिनिटं उकळायचं, किती मिनिटं मुरवायचं, मक्याची कणसं कधी टाकायची, यावर त्याचा शब्द शेवटचा. क्रॉफिशबद्दल त्याला कुणी शिकवावं हे त्याच्या पचनी पडणारं नव्हतं, त्यातून धाकट्या बहिणीने तर नाहीच.

अझेली शिकवायला गेलीच नाही. तिला बघायचं होतं. प्रार्थनेचं पुस्तक वाचायचं भिंग घेऊन ती काचेशी बसायची आणि बसली की तास निघून जायचा. मादाम दिवसा कुंडीत असायची. मधूनच ती पायांवर उंच व्हायची, शेपूट अर्धी उघडायची आणि शेपटीखालचे बारीक बारीक पाय मागे-पुढे झुलवायची. सगळी अंडी त्या पायांनाच चिकटलेली, द्राक्षांच्या घडासारखी, आणि पायांबरोबर सगळा घड झुलायचा. पाणी खेळतं राहावं, अंड्यांना हवा लागावी म्हणून हे चाललंय, हे अझेलीला दुसऱ्या दिवशी उमगलं. चौथ्या दिवशी तिने आणखी एक पाहिलं. एक अंडं पांढरं पडलं होतं. मादामने मागचा पाय पोटाखाली घातला, टोकाच्या चिमट्याने शेकड्यांतून नेमकं तेच अंडं पकडलं, ओढून काढलं आणि खाऊन टाकलं. बाकीच्यांना धक्का नाही.

एकतीस वर्षं सोलूनही मला इतकं नेमकं जमलं नसतं, असं तिला वाटलं आणि ती स्वतःशीच हसली.

भिंतीवर बी-बियाण्यांच्या दुकानाचं कॅलेंडर होतं. त्याच्या चौकोनांत ती अंड्यांचा रंग लिहायची. काळा. काळा. गडद तपकिरी. तपकिरी. पहिल्या चार दिवसांत मादामने रताळ्याच्या पाल्याला तोंड लावलं नाही तेव्हा अझेलीचाही घास अडकला. पाचव्या दिवशी तिने वाटाण्याचा एक दाणा ओढून कुंडीत नेला तेव्हा अझेलीने भावासाठी अंड्यांचं ऑम्लेट केलं. त्याने, ही अंडी कुणाची, असं विचारून घेतलंच.

पण तोही सुटला नव्हता. ती कपडे वाळत घालायला बाहेर गेली की आतून खुर्ची सरकल्याचा आवाज यायचा. एकदा ती परत आली तर भिंग टेबलाच्या दुसऱ्या टोकाला होतं. तिने ते उचलून परत जागेवर ठेवलं.

बाराव्या दिवशी, शनिवारी, अंडी लालसर झाली होती आणि भिंगातून प्रत्येक अंड्यात दोन काळे ठिपके दिसले. डोळे. फुटायला आता आठवडा, कदाचित त्याहून कमी. कॅलेंडरवर तिने नुसतं ‘डोळे’ लिहिलं. रात्री वादळ झालं, आणि रविवारी पहाटे वीज गेली.

पंप थांबला. अझेलीने दोनदा भांड्याने पाणी उचलून वरून धार सोडली, थोडे बुडबुडे झाले. पण चर्चमध्ये नऊची मिस्सा, रविवारची प्रार्थना, होती आणि शेजारीण गाडी घेऊन दारात उभी होती. तासाभरात येईल वीज, असं म्हणून ती गेली. जाताना नॉर्बेरला, लक्ष ठेव, एवढं सांगितलं. लक्ष कशावर आणि कसं ठेवायचं हे सांगायला ती विसरली, आणि पुढे कित्येक दिवस तिला याचाच चटका लागून राहिला.

नॉर्बेरने लक्ष ठेवलं. साडेनऊला त्याला दिसलं की मादाम कुंडीच्या वर चढली आहे, पाण्याच्या अगदी पृष्ठभागाशी एका कुशीवर पडली आहे, आणि तिची शेपूट सरळ आहे.

आता हे आमच्याकडे दूधपित्या पोरालाही ठाऊक असतं. ताटात क्रॉफिश आला की आधी शेपूट बघायची. वळलेली असेल तर तो जिवंतपणी हंड्यात गेला, खुशाल खा. सरळ असेल तर तो आधीच मेलेला होता, बाजूला काढ. नॉर्बेरने हा नियम पंचेचाळीस वर्षं हजारो लोकांना ऐकवला होता. त्याने काचेवर टिचकी मारली. रोज नांग्या उगारणारी मादाम हलली नाही. त्याने आणखी पाच मिनिटं वाट बघितली, मग टोपी काढून ठेवली.

आणि मग या माणसाने, ज्याने आयुष्यात क्रॉफिशला हंड्याशिवाय दुसरी जागा दाखवली नव्हती, तिला डावाने अलगद उचललं, कॉफीच्या डब्यात ठेवलं, सोबत तिच्या पेटीतली दोन पानं घातली, आणि डबा काखेत धरून, एका हातात काठी, एका हातात फावडं घेऊन मागच्या अंगणात गेला. गुडघा वाकत नव्हता, म्हणून उभ्यानेच खणता येईल अशी मऊ जागा त्याने शोधली. खिडकीतल्या एसीचं पाणी उन्हाळाभर जिथे ठिबकायचं तिथे जमीन लोण्यासारखी होती. डबा हळूच उपडा करून तिथे त्याने तिला पानांसकट पुरलं. बहिणीने मेलेली मादाम बघू नये, एवढाच त्याचा हेतू होता.

अझेली साडेदहाला परतली तेव्हा वीज आली होती आणि पंप बुडबुडत होता. टेबलावर दोन कप मांडलेले. नॉर्बेर स्वतः कॉफी ओतत होता. हे तो फक्त कुणाच्या मयतीनंतर करायचा.

“बस आधी,” तो म्हणाला. “ती गेली, अझेली. तू यायच्या आत मी आवरलं सगळं.”

“गेली म्हणजे?”

“शेपूट सरळ झाली होती. आडवी पडली होती. मी थांबलो, बघितलं, टिचकी मारली.”

अझेली उभीच राहिली. “शेपूट सरळ होती. आणि खालचे बारीक पाय? ते हलत होते का?”

नॉर्बेरने प्रामाणिकपणे आठवून बघितलं. “शेपटीकडे बघितलं मी. पायांकडे कोण बघतं?”

“अरे, हवा नव्हती पाण्यात. म्हणून वर आली, कुशीवर झाली. आणि शेपूट उघडून अंड्यांना वारा घालत होती.” तिचा आवाज चढला नाही, उलट बसला. “कुठे टाकलीस?”

“टाकली नाही. पुरली. एसीखाली.”

चर्चच्या कपड्यांतच ती एसीखालच्या चिखलात गुडघ्यांवर बसली. हाताने माती बाजूला केली. वीतभर खाली ओकची दोन पानं लागली. पानांखाली मादाम नव्हती. तिथे दोन बोटं जातील एवढं भोक होतं, तिरपं, खाली जाणारं. अझेलीने बोटं घातली तर टोकाला गार पाणी लागलं. नॉर्बेरने पुरलेली बाई उठून आपल्या पायाने पुढे गेली होती.

“जिवंत आहे,” ती म्हणाली आणि फावड्याकडे हात केला.

“थांब. फावडं लावलंस तर मधोमध कापशील. भोक खाली जाऊन वळतं, कुठे वळतं ते वरून कळत नाही. मी कापलेत असे, मला माहीत आहे.”

हे खरं होतं, आणि खरं होतं म्हणूनच तिचा संताप झाला. चिखलाचे हात तसेच धरून ती उठली. “आठवडा राहिला होता, नॉर्बेर. एक आठवडा. मला फक्त बघायचं होतं. तू कधी बघत नाहीस. तू ठरवून मोकळा होतोस.”

नॉर्बेरने फावडं उचलून भिंतीला लावून ठेवलं.

दोन दिवस घरात बोलणं नव्हतं. ती त्याला वेळेवर जेवण देत होती, गोळ्या काढून ठेवत होती, एवढंच. रिकाम्या पेटीत पंप चालूच होता, तो बंद करायला तिचा हात उचलत नव्हता. मादाम खाली जगली का, अंडी झटकली का, गुदमरली का, काहीच कळायला मार्ग नव्हता. तिला राग भावाचा होता त्याहून जास्त स्वतःचा होता. एक मिस्सा चुकवली असती तर आभाळ कोसळणार नव्हतं, हे तिच्या मनात येत होतं आणि त्याचीही तिला लाज वाटत होती.

बुधवारी सकाळी खिडकीच्या काचेवर बाहेरून काठीचे टकटक आवाज आले. नॉर्बेर एसीखाली उभा होता आणि खाली बोट दाखवत होता. अझेली झोपायच्या झग्यातच धावली. त्या जागी चिखलाच्या ओल्या गोळ्यांचं, एकावर एक रचलेलं, मुठीएवढं उंच धुराडं उभं होतं. खाली कुणीतरी माती उकरत होतं आणि गोळे करून वर आणून ठेवत होतं.

“कामाला लागली बाई,” नॉर्बेर म्हणाला.

अझेलीने त्याच्याकडे बघितलं आणि विचारलं, कॉफी घेतोस का. तह झाला.

पुढच्या दोन दिवसांत धुराड्याचं तोंड वरून लिंपलं गेलं. आता वाट बघणं आलं, आणि वादही आला. पाणी कधी सोडायचं? नॉर्बेर पंधरा ऑक्टोबरच्या आधी पाणी सोडत नसे. उकाड्यात पाणी सोडलं तर खालचं गवत कुजतं, पाण्यातली हवा जाते, पिल्लं मरतात. हे त्याने सांगितलं आणि ते बरोबर होतं. अझेलीने कॅलेंडर उतरवून टेबलावर ठेवलं. शनिवारी डोळे दिसत होते, ती म्हणाली, म्हणजे चोवीसच्या आसपास अंडी फुटतील. दुकानातला पोरगा सांगत होता की फुटल्यावर पिल्लं दोन-तीन आठवडे आईला धरून असतात, मग त्यांना खायला लागतं. बिळात खायला काय आहे? आधी सोडलं तर अंडी फुटलेली नसतील, उशीर केला तर उपाशी मरतील किंवा एकमेकांना खातील.

नॉर्बेर कॅलेंडरवरून बोट फिरवत राहिला. काळा, काळा, गडद तपकिरी, तपकिरी, डोळे. सगळे चौकोन त्याने दोनदा वाचले.

“तू सांग मग,” तो म्हणाला.

अझेलीला क्षणभर वाटलं की हा थट्टा करतोय. पण तो खरंच वाट बघत होता. तिने सात ऑक्टोबरवर बोट ठेवलं.

“ठरलं. गवत मी काढतो.”

आणि त्याने काढलं. उभ्याने, एका हातात काठी धरून, रोज थोडं थोडं. मग फावड्याने धुराड्याभोवती पलंगाएवढी जागा सोडून हातभर उंच बांध घातला, तळ्याला घालतात तसा, कोपरे नीट दाबून. लेलँड येऊन बघून गेला आणि बापाला विचारून गेला की सापळे किती लावू. सप्टेंबरच्या शेवटी हवा पालटली, सकाळी गारवा आला. अझेली एसी बंद करायला गेली तर नॉर्बेरने तिचा हात अडवला. एसी बंद म्हणजे ठिबकणं बंद, जमीन सुकली तर बाई आणखी खाली जाईल. मग एसी रात्रंदिवस चालू राहिला आणि दोघं स्वयंपाकघरात स्वेटर घालून गंबोचा गरम रस्सा खात बसले.

खाली काय चाललंय ते मात्र कुणालाच दिसत नव्हतं. अझेली रोज धुराड्यापाशी जायची, वाकून बघायची, परत यायची. कदाचित सगळं केव्हाच संपलं असेल आणि आपण दोघं म्हातारे चिखलाच्या एका ढेकळाला जपतोय, असं तिला दिवसातून एकदा तरी वाटायचं. हे तिने भावाला एकदा बोलून दाखवलं. तो म्हणाला, असेल तसंही. पण बांध घालायचं त्याने थांबवलं नाही.

सातला, शनिवारी, दुपारी चार वाजता विहिरीचा पाइप सोडला. वीतभर पाणी चढलं. धुराडं भिजलं, ढासळलं, त्याचा चिखल पसरला. त्यावर कुठे हालचाल नाही. अंधार पडेपर्यंत दोघं उभे राहिले आणि मग आत गेले.

रविवारी सकाळी अझेलीने शेजारणीला फोन करून सांगितलं की आज मला न्यायला येऊ नकोस. बरं नाही का, शेजारणीने विचारलं. बरं आहे, फक्त काम आहे, असं ती म्हणाली आणि भिंग घेऊन बांधाच्या कडेला पोतं टाकून बसली. रात्रीत पाणी निवळलं होतं. जिथे धुराडं होतं तिथे आता गोल भोक होतं, उघडं.

साडेसातच्या सुमाराला भोकातून दोन लांब मिशा बाहेर आल्या. बराच वेळ नुसत्या मिशाच. मग नांग्या, मग डोकं, आणि मादाम चिखल अंगावर घेऊन सावकाश वर आली. बारीक झाली होती. शेपूट पोटाशी घट्ट दुमडलेली. चार पावलं चालून ती उथळ कडेला, अझेलीच्या हातापासून फूटभर अंतरावर थांबली, पायांवर उंच झाली, आणि तिने शेपूट उघडली.

नॉर्बेर मागे काठीवर रेलून उभा होता. “मला इथून चिखल दिसतोय नुसता. काय आहे?”

अझेलीने भिंग डोळ्याला लावलं, पण डोळ्यांत पाणी आल्यामुळे तिलाही चिखलच दिसला. तिने बाहीने डोळे पुसले, पुन्हा बघितलं.

“आहेत,” ती म्हणाली.

“किती?”

“शंभराच्या वर. मुंगीएवढी आहेत, पण पुरती क्रॉफिश. नांग्या आहेत, मिशा आहेत, सगळं आहे. प्रत्येकाने तिचे बारीक पाय धरून ठेवलेत. ती पाय झुलवते तशी सगळी झुलताहेत.”

बोलता बोलता ती थांबली. एक पिल्लू सुटलं होतं. चिखलावर पडलं, इकडेतिकडे फिरलं आणि नेमकं आईच्या तोंडापाशी, दोन नांग्यांच्या मध्ये जाऊन उभं राहिलं. हे तिने भावाला सांगितलं. मादामच्या मिशा खाली आल्या, पिल्लावरून फिरल्या. मग तिने नांगी थोडी उचलली. पिल्लू खालून गेलं, पोटाखाली शिरलं आणि वर चढून आपल्या जागी लटकलं.

“खाल्लं?” नॉर्बेरने विचारलं.

“नाही.”

पाण्यावर सकाळचं ऊन आलं होतं.

“आपलंच आहे हे तिला कसं कळलं?”

“मला माहीत नाही,” अझेली म्हणाली. “बघायला पाहिजे.”

मागे काठी भिंतीला टेकवल्याचा आवाज आला. मग तिच्या खांद्यावर एक जड हात पडला आणि नॉर्बेर नवा पाय पुढे ताठ धरून, दात-ओठ खात, इंचाइंचाने खाली यायला लागला. ऑपरेशननंतर तो जमिनीवर एकदाही बसला नव्हता. डॉक्टरांनी बजावलं आहे, परत उठवणार कोण, असं अझेली म्हणत होती, पण त्याचं लक्ष तिच्याकडे नव्हतं.

“सरक जरा,” तो म्हणाला आणि तिच्या हातातलं भिंग घेतलं.

ते त्याने दुपारपर्यंत परत दिलं नाही.